पासून – पर्यंत

जुन्या हायस्कुलाच्या कचेरीत शिरले की समोर टेबल, टेबलामागे खुर्ची आणि खुर्चीमागच्या भिंतीवर एक फलक असतो. वर ठळक अक्षरांत ‘आजवरचे मुख्याध्यापक’ आणि खाली चार रकाने : अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. पेंटरने सुरुवातीला ऐसपैस जागा धरलेली असते. वर्षे जातात, नावे वाढतात आणि फलकाच्या तळाशी अक्षरे बारीक होत एकमेकांना चिकटतात. नातवाच्या दाखल्यासाठी आलेला एखादा शेतकरी बाकावर बसून तो फलक वाचत असतो. वाचता वाचता एका नावाशी थांबतो आणि शेजारच्याला सांगतो, “हे आमच्या वेळचे सर.” मग त्याला थांबवावे लागते, एवढे त्याला आठवत जाते.

पलूसच्या परिसरात असे फलक अनेक आहेत. कुंडल, भिलवडी, अंकलखोप, बुर्ली, रामानंदनगर, किर्लोस्करवाडी ही सगळी गावे सायकलच्या टप्प्यातली. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या या रस्त्यांवर दर काही मैलांना एक हायस्कूल लागते. शाळेच्या कमानीवर कुणा थोराचे नाव असते. आत दर्शनी भागात संस्थापकांची तसबीर असते, तिला रोज हार पडतो. गुणवंतांची नावे सुवर्णाक्षरांत असतात. कमानीवरचा माणूस, तसबिरीतला माणूस आणि गुणवंत विद्यार्थी या तिघांवर गावात भरपूर बोलले आणि लिहिले गेले आहे. ज्याने ती शाळा रोज सकाळी उघडली आणि संध्याकाळी बंद केली, त्याला मात्र दोन तारखांच्या मधली एक ओळ मिळाली. पुढील पाने त्या ओळीतल्या माणसांविषयी आहेत.

पलूसचीच दोन नावे घ्यावीत. गावातल्या एका विद्यालयाला पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचे नाव आहे, तर रयत शिक्षण संस्थेच्या विद्यालयाला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचा, 18 ऑगस्ट 1872 चा; पण आडनाव या गावाचे, त्यामुळे पलूसने त्यांना आपले मानले ते हक्काने. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे ही घराण्याच्या ओसरीवर शिकायची गोष्ट होती. पलुसकरांनी तिला वर्ग दिले, अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिली, क्रमिक पुस्तके छापली आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचीही काळजी वाहिली. गवई म्हणून त्यांची थोरवी सर्वांना ठाऊक आहे. पण लाहोरमध्ये त्यांनी जे काम केले ते एका मुख्याध्यापकाचे होते, हे सहसा कुणी म्हणत नाही. विद्या मोठी असली तरी ती वेळापत्रकात बसवावी लागते, तिच्यासाठी जागेचे भाडे भरावे लागते आणि महिनाअखेर शिक्षकांचे पगार करावे लागतात. ते करणारा माणूस नसेल तर विद्या गुरूबरोबर जाते.

दुसरे नाव लक्ष्मणरावांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथून 1910 साली ते कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 32 एकर जमीन दिली आणि निवडुंगाच्या त्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. ते नांगर गावोगाव विकत हिंडणाऱ्यांत ऐतवडे बुद्रुकचा एक उंचापुरा तरुण होता : भाऊराव पायगोंडा पाटील. नांगर विकता विकता त्याने शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. कर्जखत वाचता न येणारे हात पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था सुरू केली.

शिक्षकाने वर्ग सोडून नांगर केला आणि नांगर विकणाऱ्याने शाळा काढल्या. या दोन्ही वाटा कुंडल रोडच्या त्या माळावरून गेल्या. या भूमीतल्या हायस्कुलांची नाळ अशी कारखान्याशी आणि शेताशी एकदमच जोडलेली आहे.

पण शाळा काढणे वेगळे आणि चालवणे वेगळे.

मुख्याध्यापक हे पद आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आले. गावची तात्यापंतोजींची शाळा एकहाती असे. पंतोजी गेला की शाळा गेली. सरकारी हायस्कुलाने प्रथमच असे पद निर्माण केले की माणूस बदलला तरी खुर्ची तशीच राहते. सातारच्या राजवाड्यात भरणारे सरकारी हायस्कूल, म्हणजे आजचे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, हे आपल्या भागातले त्याचे ठळक उदाहरण. तिथल्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव चढले, अनुक्रमांक 1914. तो मुलगा भिवा रामजी. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली, ती त्या एका नोंदीमुळे. शाळेत आपल्याला स्वतःचे तरट घेऊन वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहिले आहे. आपल्या वाटची भाजीभाकरी रोज देणाऱ्या आंबेडकर नावाच्या शिक्षकाची आठवणही त्यांनी जन्मभर ठेवली.

या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करायला हवा. रजिस्टर, तरट आणि भाकरी. रजिस्टर मुख्याध्यापकाच्या ताब्यात असते आणि नळावरचा शिपाई त्याच्याच हुकमात. एका शाळेने मुलाला दाखल करून घेतले, पण नळाला हात लावू दिला नाही. एक शिक्षक स्वतःपुरता माणसासारखा वागला, पण शाळेची रीत बदलली नाही, कारण ती बदलण्याचा अधिकार ज्या खुर्चीला होता तिने तो वापरला नाही. मुख्याध्यापकांविषयी लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही ते यासाठी. त्या खुर्चीवर बसलेल्याने काय केले याइतकेच, त्याला करता येण्याजोगे असून त्याने काय केले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

त्याच काळातली दुसरी परंपरा खासगी शाळांची. जानेवारी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांची नावे त्या शाळेशी कायमची जोडली गेली आहेत. पण शाळेचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे दैनंदिन कारभार पाहणारे, होते वामन शिवराम आपटे. वय बाविशीतले. शाळा वर आणणे, निकाल लावणे, शिस्त बसवणे हे त्यांच्याकडे होते आणि 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर पहिले प्राचार्यही तेच झाले. एवढा व्याप सांभाळून त्यांनी 1890 साली संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. आजही तो संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. 1892 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. कोशकार म्हणून आपटे सर्वांना माहीत आहेत. शाळामास्तर आपटे फार थोड्यांना.

आपट्यांनंतर फर्ग्युसनचे प्राचार्यपद आले ते कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांकडे. टेंभू हे नाव आज दुष्काळी तालुक्यांना पाणी देणाऱ्या उपसा योजनेमुळे घरोघरी ठाऊक आहे. तिथला हा मुलगा शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी करत अकोल्याला पोचला आणि तिथून 1875 साली मॅट्रिक झाला. अकोल्याच्या हायस्कुलात त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले. मुलाजवळ कॉलेजात जायला पैसे नव्हते. महाजनींनी पाठबळ दिले आणि तो पुण्याला गेला. पुढे एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या नोकरीची आस धरू नकोस, असे त्याने आईला कळवले, ते पत्र मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते सांगताना त्याच्या आधीचा अकोल्याचा प्रसंगही सांगायला हवा. तो वगळला तर आगरकर आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

आता पुन्हा आपल्या कृष्णाकाठी यावे. पलूसजवळचे कुंडल हे स्वातंत्र्यापूर्वी इंग्रजी मुलखात नव्हते, औंध संस्थानात होते. संस्थान म्हणजे नकाशावर विखुरलेले तुकडे : औंध, आटपाडी, कुंडल आणि दूर विजापूरकडे गुणदाळ. राजे बाळासाहेब चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते. संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार घातले जात आणि राजा स्वतः शाळेत येऊन मुले काय शिकतात ते पाही. अशा मुलखातल्या हेडमास्तराचे काम सोपेही होते आणि अवघडही. राजाला शिक्षणाची आवड असल्याने पैशाची अडचण कमी. पण राजाच शाळेत येऊन उभा राहतो म्हटल्यावर ढिलाईला जागा नाही. औंधच्या शाळेत शिकून गेलेल्यांत पांडुरंग सदाशिव साने आहेत, गजानन दिगंबर माडगूळकर आहेत आणि आटपाडीच्या तराळाचा मुलगा शंकर खरात आहे. हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955 च्या ‘बनगरवाडी’तला कोवळा मास्तरही याच संस्थानचा. धनगरांच्या वाडीत मुले जमवता जमवता तो त्यांच्या भांडणांचा, दुष्काळाचा आणि तालमीचा भागीदार होतो. तो काही हायस्कुलाचा मुख्याध्यापक नव्हे; एकशिक्षकी शाळेचा मास्तर. तरीही गावात शाळा रुजवायची म्हणजे मास्तराला किती भूमिका घ्याव्या लागतात, याचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे नाही. मुख्याध्यापकाच्या चरित्राचा पहिला धडा म्हणून ती कादंबरी वाचावी.

स्वातंत्र्यचळवळीने या शाळांना हलवून सोडले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातला यशवंतराव चव्हाण नावाचा विद्यार्थी 1932 साली तुरुंगात गेला, अठरा महिन्यांची शिक्षा भोगून परत आला आणि 1934 साली मॅट्रिक झाला. वाचायला ही दोन वाक्ये. पण शिक्षा झालेला मुलगा परत बाकावर बसतो तेव्हा शाळेच्या अनुदानावर आणि मान्यतेवर सरकारची नजर असते. त्याला बसू द्यायचे की नाही हे कुणीतरी ठरवायचे असते आणि ठरवल्यावर वरून येणाऱ्या पत्राला उत्तरही द्यायचे असते. दहा वर्षांनी, 1942 नंतर, कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मोठे ठाणे झाले. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांची तुफान सेना इथलीच. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम घेतली गेली, त्यात या भागातले तरुण होते. आपल्या वर्गातली पोरे रात्री कुठे जातात हे ठाऊक असून सकाळी हजेरी मांडणाऱ्या मास्तरांच्या कहाण्या या गावांत अजून सांगितल्या जातात. त्या तोंडी आहेत, कागदावर नाहीत.

रयतेने मात्र मुख्याध्यापकाची जातच वेगळी घडवली. 1924 साली संस्था साताऱ्याला आली. छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊसमध्ये सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. 1927 साली गांधीजींनी ते वसतिगृह पाहिले. एकदा वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले, हे साताऱ्याला आजही डोळ्यांत पाणी आणून सांगितले जाते. 1935 साली शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि 1940 साली संस्थेचे पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव हायस्कूल. फी नाही, राहायची सोय, बदल्यात अंगमेहनत. 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. ‘कमवा आणि शिका’ ही नुसती घोषणा नव्हती. शाळेच्या खोल्यांचे दगड मुलांनी वाहिले, विहिरी मुलांनी खोदल्या. या सगळ्यावर देखरेख कोणाची? हेडमास्तरांची.

म्हणजे सकाळी वसतिगृहाच्या मुलांना उठवून शेतात न्यायचे, अकराला वर्गावर इंग्रजी किंवा गणित घ्यायचे, संध्याकाळी गावातल्या वजनदार माणसांकडे धान्यासाठी जायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अकरावीच्या पोरांना जादा तास घ्यायचे. संस्थेचे आजीव सेवक होणाऱ्यांनी तर पगार नावापुरताच घेतला. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या एका वादातून मुंबई सरकारने रयतेचे अनुदान थांबवले. त्या महिन्यांत संस्था लोकांच्या देणगीवर आणि शिक्षकांच्या सहनशीलतेवर तगली. पगार नसतानाही शाळा भरत राहिल्या. मुख्याध्यापकाने घरी बायकोला काय सांगितले असेल आणि वाण्याला काय सांगितले असेल, ते कुठल्याच अहवालात नाही.

याच घडणीतून पुढची माणसे निघाली. रयतेच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन साताऱ्याला परत आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. पाटण तालुक्यातले बापूजी साळुंखे रयतेत घडले आणि 1954 साली त्यांनी कोल्हापूरला स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोचलेल्या भाऊरावांच्या संस्थेने 9 मे 1959 रोजी ते गेल्यानंतरही वाढणे थांबवले नाही. आज तिच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. वडाच्या पारंब्या जमिनीत गेल्या त्या अशा, गावोगावच्या मुख्याध्यापकांच्या पायाशी.

साठच्या दशकात हायस्कूल हे गावाच्या इभ्रतीचे चिन्ह झाले. 1959 साली आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीची सवलत मिळाली आणि ज्या घरातून कुणी कधी पाटी घेतली नव्हती तिथली मुले पाचवीत बसू लागली. शाळा आधी देवळात, मग धर्मशाळेत, मग कुणाच्या तरी वाड्यात भरली आणि श्रमदानातून चार खोल्या उभ्या राहिल्या. या पिढीचे हेडमास्तर बहुधा बाहेरगावचे असत. गावात भाड्याने राहत, मुलांनाही त्याच शाळेत घालत. धोतर-कोट-टोपी किंवा पांढरा नेहरू शर्ट आणि लेंगा. ते रस्त्याने निघाले की पानपट्टीपुढची पोरे पांगत. “मोठे सर आले” एवढे म्हटले तरी वर्गातला आवाज बंद होई. त्यांच्या छडीचे कौतुक अजून ऐकू येते. ते कौतुक इथे करायचे नाही. मार खाऊन शाळा सोडलेली मुलेही होती. त्यांनी गॅदरिंगला येऊन आठवणी सांगितल्या नाहीत, एवढेच.

धाक नसलेलेही मोठे मुख्याध्यापक होते. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत प्रल्हाद केशव अत्रे हेडमास्तर होते. लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आल्यावर त्यांनी ठरवले की मुलांना वाचन नकोसे वाटते ते पुस्तक कंटाळवाणे असते म्हणून. मग त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. नाटककार, पत्रकार, वक्ता अशा अत्र्यांच्या गर्दीत हा हेडमास्तर अत्रे दिसेनासा होतो. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय मात्र त्याचे आहे.

या साऱ्यात एक जागा रिकामी दिसते. फलकावर बाईचे नाव फार उशिरा येते आणि अनेक फलकांवर ते अजून आलेलेच नाही. वास्तविक मुख्याध्यापिका ही कल्पना सातारा जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिली. नायगावच्या सावित्रीबाई फुले 1848 साली पुण्याच्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून ओळखल्या गेल्या. पुण्यात 1884 साली हुजूरपागा ही मुलींची शाळा निघाली तेव्हा तिचा कारभार मिस हरफर्ड यांच्याकडे होता. त्यानंतर शतक उलटून गेले. आपल्या खेड्यातल्या हायस्कुलांत शिक्षिका आल्या, पर्यवेक्षिका झाल्या; खुर्चीपर्यंत पोचता पोचता मात्र बहुतेकींची सेवा संपली. ‘मोठ्या बाई’ हा शब्द मुलींच्या शाळेपुरता राहिला. तो प्रत्येक गावात रुळायला हवा.

1975 साली अकरावीची जुनी एस. एस. सी. जाऊन दहावीची परीक्षा आली. पाठोपाठ मोठ्या हायस्कुलांना कनिष्ठ महाविद्यालये जोडली गेली आणि तिथल्या हेडमास्तरांचे ‘प्राचार्य’ झाले. याहून मोठा बदल केला तो 1977 च्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या कायद्याने आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीने. मुख्याध्यापक होण्यासाठी पदवी, बी. एड. आणि किमान पाच वर्षांचा अनुभव. आणि पात्र शिक्षकांतला सर्वांत ज्येष्ठ तोच मुख्याध्यापक. कायदा आवश्यक होता. त्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर शिक्षकाचे पोट होते. मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. कायद्याने शिक्षक ताठ मानेने उभा राहिला आणि हेडमास्तराचा मनमानी कारभारही आटोक्यात आला.

पण त्याचा परिणाम फलकावर पाहावा. वरच्या भागात एकेका नावापुढे पंधरा-वीस वर्षांचे अंतर. खाली येता येता दोन वर्षे, दीड वर्ष, कधी काही महिने. सेवाज्येष्ठतेने पाळी येते तेव्हा निवृत्तीचे अठ्ठावन्न जवळ आलेले असते. शाळा समजून घ्यायला एक वर्ष जाते आणि दुसऱ्या वर्षी निरोपाचा नारळ हातात येतो. त्या दोन वर्षांतही शिक्षकपदांची संचमान्यता, शालार्थवरची पगारबिले, यू-डायसवरची शाळेची माहिती, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि निवडणुकीच्या याद्या. वर्गावर जायला वेळ उरत नाही. आजच्या मुख्याध्यापकाला जुन्यांच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. जुन्यांकडे वेळ होता आणि गाव त्यांचे ऐकत होते. आजच्यांकडे पासवर्ड आहेत आणि पट घटत चाललेला वर्ग. तरीही पहिलीपासून इंग्रजी माध्यमाकडे धावणाऱ्या गावात एखादा मुख्याध्यापक दारोदार फिरून पाचवीसाठी मुले गोळा करतो. हे काम बनगरवाडीच्या मास्तराचेच आहे.

आणखी एक गोष्ट या खुर्चीच्या हवाली आहे : जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचे, काळाने पिवळे पडलेले. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, गाव आणि शाळा सोडल्याचे कारण. कारणाच्या रकान्यात ‘गरिबी’, ‘शेतीकामासाठी’, ‘लग्न झाले’ असे एकेका शब्दात एकेक आयुष्य मिटलेले. जात पडताळणीसाठी, वारसासाठी, जन्मतारखेसाठी लोक आजही तिथेच येतात. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली आणि शंभर वर्षांपूर्वी कुणा मास्तराने टाकाने लिहिलेल्या एका शब्दावर आजच्या तरुणाचे भवितव्य तोलले गेले. 2005 आणि 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी भिलवडी-अंकलखोपच्या पट्ट्यात घराघरांत शिरले. अशा वेळी ही रजिस्टरे वरच्या मजल्यावर नेणे हे मुख्याध्यापकाचे पहिले काम असते; कपाट एकदा भिजले की गावाची शंभर वर्षे भिजली.

पुढील पानांत जी माणसे भेटतील ती सगळी थोर नाहीत. काही कडक होती, काही भिडस्त. काहींनी शाळा उभी केली, काहींनी ती पडू दिली नाही आणि काहींच्या हातून ती घसरलीही. त्यांच्याविषयी लिहिण्यात एक अडचण कायम राहते. संस्थापकाच्या नावे कागद असतात, पत्रे असतात, गौरवग्रंथ असतात. मुख्याध्यापकामागे राहते ती शेरेबही, एखादे लॉगबुक, स्नेहसंमेलनाचा समूहफोटो आणि विद्यार्थ्यांच्या आठवणी. साठच्या दशकात पाचवीत बसलेली मुले आज सत्तरीत आहेत. त्यांना मोठे सर आठवतात, त्यांची सही आठवते, त्यांनी वर्गात सांगितलेली एखादी गोष्ट शब्दन्‌शब्द आठवते.

म्हणून वाचकांना एक विनंती. गावी गेलात की आपल्या हायस्कुलात जा आणि कचेरीतला फलक वाचा. ज्या नावांपुढे तारखा नाहीत त्यांचे कार्यकाळ गावातल्या जुन्या माणसांना विचारा, निवृत्त शिपाईमामांना विचारा. त्यांना सरांपेक्षाही जास्त ठाऊक असते. माळ्यावर पडलेले लॉगबुक आणि जुने फोटो उतरवून घ्या, मोबाइलवर त्यांची छायाचित्रे काढा आणि मूळ कागद पुराच्या रेषेच्या वर, कोरड्या कपाटात ठेवायला सांगा. पावसाळ्याच्या आधी.